मावसाजींचा मोठा शत्रू

देशाच्या सरहद्दीची काळजी दिल्लीत कोण किती करत होतं ते मला ठाऊक नाही. पण त्या वर्षांत सगळ्या हिंदुस्थानातली निम्मी काळजी वडनेर भोलजी गावच्या आमच्या मावसाजींनी एकट्याने उचलली होती, हे मी कुणासमोरही छातीठोकपणे सांगेन. मावसाजी म्हणजे माझ्या थोरल्या मावशीचे यजमान. मिरची, वांगी, कांदा पिकवणारा माणूस. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, कानावर अर्धी विडी आणि डोक्यात सदा चीन नाहीतर पाकिस्तान. वाफ्यात पाणी सोडता सोडता मध्येच फावडं टेकून उभे राहायचे आणि बांधावरून जाणाऱ्या कुणालाही विचारायचे, "काहो, आपल्याले खरा धोका कोनाचा?" तो बिचारा हरवलेली म्हैस शोधायला निघालेला असे. त्याने सुटका करून घ्यायला "तुम्ही म्हनसान त्याचा" म्हटलं की मावसाजी भडकत. "म्हंजे तुले देशाची काईच फिकीर नाई!" तोवर इकडे वाफा फुटून पाणी शेजाऱ्याच्या हरभऱ्यात गेलेलं असे आणि तिसरंच युद्ध पेटत असे.

फिकिरीला कारण होतं, आणि ते अख्ख्या गावाला माहीत होतं. चीनशी लढाई होऊन गेली, त्याच्या पुढच्या वर्षी त्यांचा एकुलता एक मुलगा दिनकर मलकापूरला बियाणं आणायला म्हणून गेला आणि फौजेत नाव घालून परत आला. बियाणं विसरला तो विसरलाच. मावशी दोन दिवस चुलीपाशी गेली नाही. मावसाजींनी मात्र गावभर पेढे वाटले, आणि पेढे संपले त्या दिवसापासून त्यांची झोप उडाली. दिनकरचं पत्र यायचं, पण त्यावर गावाचं नाव नसायचं, लष्करी टपालाचा नुसता आकडा. पोरगा डोंगरात आहे की वाळवंटात, त्याच्या समोर कोण उभं आहे, काही म्हणजे काही कळायचं नाही. बापाने काय करावं? बापाने दोन्ही सरहद्दी सांभाळायला घेतल्या.

गोठ्याच्या भिंतीवर त्यांनी कोळशाने हिंदुस्थान काढला होता. हात वांग्याचा असल्यामुळे तोही जरा वांग्यासारखाच झाला होता. हिमालयाच्या जागी शेणाने कापूस चिकटवलेला. बैल मान वळवून तो कापूस ओढायचा, आणि मावसाजी त्याला "फितूर लेकाचा!" म्हणून शिव्या द्यायचे. कांदा घेऊन नांदुऱ्याला गेले की गाडीवानाला सोडून फलाटावर जाऊन बसत. फौजेची गाडी नागपूरकडे गेली तर चीन, भुसावळकडे गेली तर पाकिस्तान, असा त्यांचा हिशेब. एकदा मी बरोबर असताना नागपूरकडे जाणारी लांबलचक बंद डब्यांची गाडी थांबली. मावसाजींनी गार्डाला गाठून हळूच विचारलं, आत काय आहे. तो म्हणाला, केळी. मावसाजी माझ्याकडे वळून डोळे मिचकावत म्हणाले, "तो केळीच सांगनार. फौजेचं गुपित हाय." मग घरी येऊन गोठ्यातल्या त्या कापसाकडे बघत बसले. जेवले नाहीत. केळ्यांनी त्या माणसाचा आठवडा नासवला.

वाद घालायला त्यांना हक्काचा गडी होता. समोरचे किराणा दुकानदार शेठजी. मावशी त्यांना भाऊबीजेला ओवाळायची, म्हणून ते मावसाजींना दाजी म्हणत. शेठजींचं मत पाकिस्तान. "दाजी, घरातून वाटनी घेऊन वायला निघालेला भाऊ लय वाईट. त्याले आपली चोरवाट ठाऊक असते." मावसाजींचं मत चीन. "आपल्या वरच्या आळीले बसेल हाय तो. धोंडा लोटला तरी आपल्या डोक्यावर!" रोज संध्याकाळी दुकानाच्या ओट्यावर हे चाले. गूळ घ्यायला आलेल्या बाया गूळ न घेता परत जात. मी तेव्हा बुलढाण्याला कॉलेजात शिकत होतो. सुट्टीत एसटीने येऊन ओट्यावर बसलो की मला पंच करत, आणि मी काहीही बोललो तरी दोघं मिळून मलाच झापत.

मग एकदा दिनकरचं पत्र आलं की इथे फार थंडी आहे, मोजे दोन दोन घालावे लागतात. मी वाचून दाखवलं. मावसाजींनी ते दोनदा ऐकलं. चहा तसाच ठेवून उठले, ओट्यावर गेले आणि जाहीर केलं, "शेठ, तुमचंच खरं. पाकिस्तानच आपला मोठा दुश्मन. चीनचं काय घेऊन बसले? त्याचं पोट भरेल हाय. तो आता पाच-पन्नास वर्षं हालत नाई." शेठजींनी काटा खाली ठेवला, क्षणभर मावसाजींच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "असं कसं म्हनता दाजी? मी तर आता चीनवर आलो होतो!" झालं. दोघांनी शत्रूंची अदलाबदल केली आणि वाद पुन्हा जोरात सुरू झाला. गाव हसलं. कुणी मावसाजींना दलबदलू म्हणालं. मीही हसलो, तेव्हा शेठजींनी पुडी बांधता बांधता मला दटावलं. "दात काऊन काढतो बे? एवढं कॉलेज शिकून राह्यला, समजत नाई? जिथं पोट्टं, तिथं दुश्मन नाई. असा हिशेब हाय तो."

पुढे उन्हाळ्याच्या तोंडावर पत्रंच बंद झाली. पोस्टमन दुसऱ्या गल्लीने जाऊ लागला, कारण मावसाजी त्याच्या पिशवीत स्वतः हात घालत. त्यांचा चेहरा उतरला. कुठली बाजू घ्यावी तेच कळेना, त्यामुळे ओट्यावर गप्प बसत, आणि शेठजी एकटेच दोन्ही बाजूंनी बोलत. अशात अक्षय तृतीया आली. आमच्या जिल्ह्यात भेंडवळला त्या दिवशी शेतात घट मांडतात. गोल रिंगणात निरनिराळी धान्यं ठेवायची, मधल्या खड्ड्यात पाण्याची घागर, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कोणता दाणा कसा सरकला ते बघून पाऊस, पीक, राजा, परचक्र सगळं सांगायचं. मावसाजी दरवर्षी जात. त्या वर्षी गेले नाहीत. म्हणाले, "तिथं साऱ्या देशाचं सांगतात. मले एकच इचारायचं हाय." आणि त्यांनी संध्याकाळी आपल्याच परसात घट मांडला. उगवतीला तांदळाची रास, तो चीन. मावळतीला मसुराची, तो पाकिस्तान. आणि मधोमध एक सुपारी. ती कोण, हे त्यांनी सांगितलं नाही.

पहाटे मी, मावसाजी आणि मुद्दाम बोलावलेले शेठजी परसात गेलो, तर रिंगणच नाही! तांदूळ नाही, मसूर नाही, स्वच्छ झाडून सडा टाकलेला. कोंबड्या ढेकर देत फिरत होत्या. शेठजी म्हणाले, "दोन्ही फौजा साफ झाल्या दाजी, चांगलं लक्षन हाय." मावसाजींचं तिकडे लक्षच नव्हतं. ते गुडघ्यांवर बसून ओल्या मातीत बोटं घालत होते. "सुपारी कुठी हाय?" त्यांचा आवाज असा झाला की कोंबड्याही बाजूला झाल्या. "सुपारी कुठी गेली?" त्यांनी कुंपणाखाली पाहिलं, उकिरडा उचकला, एका कोंबडीला धरून तिचं पोट दाबून पाहिलं. मला हसू येत होतं, तरी मीही वाकून माती उकरू लागलो. तेवढ्यात मावशी दारात आली.

"काय हुडकून राह्यले?" तिने विचारलं. मग कनवटीला हात घालून सुपारी काढली आणि तळहातावर धरली. "हे? थे दाने टाकले म्या कोंबड्याईले. हे उचलून ठेवलं." मावसाजी मातीचे हात धोतराला पुसत उठले. मावशी कधी त्यांना चार माणसांत बोलायची नाही. त्या दिवशी बोलली. "पन मले सांगा, त्याले त्या दोघाईच्या मंधात काऊन मांडलं तुम्ही? काऊन मांडलं?" आणि सुपारी परत कनवटीला खोचून आत गेली. शेठजी धोतराच्या सोग्याने चष्मा पुसत बसले, बराच वेळ पुसत बसले.

पुढे पत्र आलं. इथे वाळू फार, भाकरीतसुद्धा वाळू येते. मावसाजींनी तडक चीन पकडला, शेठजींनी निमूट पाकिस्तान. आणि त्याच पावसाळ्याच्या शेवटी पश्चिमेला तोफा सुरू झाल्या. शेठजी जिंकले होते. दोन वर्षांचा वाद, आणि दिवसाढवळ्या, रेडिओवरून, सगळ्या देशासमोर जिंकले होते. पण त्या माणसाने चार दिवस दुकान उघडलं नाही, का तर ओट्यावर मावसाजींची गाठ पडेल. मावसाजी गोठ्यात त्या वांग्यासारख्या देशासमोर बसलेले असत. ताटावर बसत आणि उठत. मावशीने सांगून पाहिलं, कॉलेज बुडवून येऊन मी सांगून पाहिलं. अखेर पाचव्या दिवशी शेठजी पेपर फडकावत धावतच आले. "दाजी! हे वाचा! चीननं धमकी देली आपल्याले! तुम्ही म्हनत होते ना? खरा दुश्मन चीनच. इकडचं काय, हे तर पोट्ट्याईचं भांडन हाय, चार रोजात मिटते!" मावसाजी भिंतीपासून उठून दारात आले. "खरंच म्हनता शेठ?" "अरे, तुमचीच आन!" चीनने धमकी दिली हे ऐकून त्या दिवशी साऱ्या देशाची झोप उडाली असेल. आमचे मावसाजी त्या दुपारी दीड भाकरी जेवले.

दिनकर आला. लढाई थांबल्यावर रजेवर आला, धडधाकट, रंगाने काळा ठिक्कर. त्या रजेभर मावसाजींनी पेपर उघडला नाही. कुणी वाटसरूने मुद्दाम खोडी काढली, "मामा, धोका कोनाचा हो सध्या?" तर म्हणत, "सध्या कोनाचा नाई." आणि वांग्याला पाणी देत. देत म्हणजे खरोखर देत. त्या महिन्यात एकही वाफा फुटला नाही. संध्याकाळी ओट्यावर दोघं म्हातारे शेजारी शेजारी बसून गुळाच्या भावाबद्दल बोलायचे. मला ते बघवत नसे, इतकं ते शहाण्या माणसांसारखं होतं.

आता मावसाजी नाहीत, शेठजीही नाहीत. पण रजा संपली तो दिवस माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. मावसाजी, शेठजी आणि मी असे आम्ही तिघं दिनकरला पोचवायला नांदुऱ्याला गेलो होतो. मावसाजींनी त्याला एकदाच विचारलं, "आता कोनीकडे?" तो म्हणाला, "हुकूम भुसावळले भेटन बाबा. तिथून साऱ्याकडे गाड्या जातात." गाडी आली, तो चढला, गाडी गेली. मावशीने दिलेली कुरड्यांची पिशवी घाईत माझ्याच हातात राहिली होती, ती घेऊन मी खुळ्यासारखा उभा होतो. स्टेशनाबाहेर आलो. मावसाजी खाली मान घालून पुढे चालू लागले. शेठजींना ते सहन होईना. घसा खाकरून त्यांनी जुना सूर लावला, "मंग दाजी, काय म्हनता? मोठा दुश्मन कोन?"

मावसाजींनी सवयीने तोंड उघडलं. एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे पाहिलं. मग शेठजींचा हात धरून ते अगदी हळू म्हणाले, "थांबा ना शेठ. त्याचं पत्र येऊ द्या."