मामाजीच्या पायाची जागा

धप्पकन आवाज आला अन् मंग काहीच नाई. रडनं बी नाई. मी भाकर तव्यावर टाकून धावली त सरू गड्ड्यात उलटी पडून होती. आठ महिन्याचं लेकरू, नुकतंच रांगाले लागलं. मामाजी, म्हंजे माहे सासरे, काठावर बसून राहत ते पानी प्याले उठले, तेवढ्यातच. मी तिले उचललं, तोंडातली माती काढली, पाठीवर थापटलं, थापटलं, तवा कुठं ती रडली. खोलीभर करपल्याचा वास.

उमरेडच्या बायांनो, तुमी म्हनान खोलीत गड्डा काहून? तेच सांगते. तिसरीपर्यंत शिकली मी, चुकलं त हासू नका.

आमी निघालो तो दिस तुमी पायला. बंडी दारात उभी होती. सरूच्या बाबाले नागपुरात मिलमधी काम लागलं होतं अन् मामाजीचा माग इकून टाकला होता. बापानं जिनगीभर मागावर धोटा फेकला, डोये अधू झाले, आता बसून खावं, असं सरूच्या बाबाचं म्हननं. कोनी वाईट नाई म्हनलं. मामाजी बंडीत बसेनात. विनतानी ज्यात पाय सोडून बसत त्या मागाच्या रिकाम्या गड्ड्यापाशी गेले, त्यातली मूठभर माती धोतराच्या कोन्यात बांधली, अन् मंग बसले. मले वाटलं गावाची आठवन म्हनून घेतली असन.

इथं भोंगा वाजला का सरूचे बाबा जातेत, भोंगा वाजला का येतेत. दिवसभर मले 'काय वं' म्हनाले कोनी नाई. अन् मामाजीले त भोंगा बी नाई. उठत, आंघोय करत, कपायी गंध लावत, अन् मंग समोर काहीच नसे. हात मांडीवर. मले पुसत, 'सुनबाई, काही काम?' मी म्हनो, 'बसा नं जी तुमी.' मले वाटे मी मान देऊन राहिली.

एक दिवस मी पानी भरून आली त त्यायनं सब्बलीनं कोपऱ्यात गड्डा खोदलेला. माग नाई, सूत नाई. धोतरातली माती बुडाशी टाकली, कुंकू लावलं अन् काठावर बसून पाय आत सोडले. मागाच्या पावड्या दाबल्यासारखे पाय हालवत राहिले, हा पाय, तो पाय. सरूचे बाबा म्हने, म्हाताऱ्याले खेयनं भेटलं. पन त्या दिवशी मामाजीनं दोन भाकरी खाल्ल्या.

सरू पडली त्याच दुपारी, ते मंदिरात गेले तवा, मी गड्डा बुजवला. माती पुरेना त चुलीतली राख टाकली, फुटके खापरं टाकले, झाडलेला कचरा टाकला, वरून शेनानं सारवलं. मी कोष्ट्याची पोर वं. माय म्हने, 'कोष्ट्याच्या घरची मागाची ठकठक फक्त सुतकात थांबते.' दसऱ्याले आपन मागाच्या गड्ड्याले हात जोडतो. हे सारं मले ठाऊक, अन् भेवानं काहीच याद आलं नाई.

मामाजी आले. ओल्या शेनावर पायाचा अंगठा टेकवून पायला. सरूच्या डोक्यावरचं टेंगूय चाचपलं. माहे हात कोपरापर्यंत राखेनं पांढरे, तेवढं त्यायले दिसलं.

'बुजवला ते बरं केलं, बाई. पन राख काहून टाकली? मी अजून हाओ नं.'

पंधरा दिस झाले. रागावत नाईत. सारवलेल्या जागेवर पाय पोटाशी घेऊन बसतेत. आधी एक भाकर, मंग अर्धी, आता चतकोर. मी म्हनलं, गल्लीच्या टोकाले एक कोष्टी हाये, त्याच्या घरून सूत आनू, मामाजी कांड्या भरतीन, सूत गुंडायाले हात पुरते. सरूच्या बाबानं डोये वटारले. म्हने, लोक काय म्हनतीन, पोरगं बापाले पोसत नाई? अन् कांड्या त बायका भरतेत. मामाजी भिंतीकडे तोंड करून ऐकत होते.

आज सकायी ते सरूले सांगत होते, मी ऐकून राहिली हे त्यायले ठाऊक नोतं. 'तुह्या आजाच्या पायाले उमरेडले जागा होती.'

भोंगा वाजला, सरूचे बाबा गेले. मी फाटक्या लुगड्याची पट्टी सरूच्या कमरेले बांधली, दुसरं टोक खाटेच्या पायाले, अन् सब्बल घेतली. राख काढली. खापरं काढले. मातीतून उमरेडची माती निवडाले गेली त कोनती ते समजेना, सारी एकच होऊन गेली. म्हनून सारीच बाजूले ठेवली.

गड्डा गुडघाभर झाला. मामाजी दारात उभे हायेत, चप्पल काढून ठेवली. सरू पट्टी तोंडात धरून ओढून राहिली. मी काठावर बसून लिहून राहिली, एक हात गाठीवर. गड्डा ठेवला त लेकराचं भेव, बुजवला त म्हातारा माह्या डोयासमोर वायते. मी उमरेडले घर म्हनो तवा मले दार दिसे, तुळस दिसे. आता मले फक्त त्यायचे पाय दिसतेत, अन् ते ठेवाले जागा.

अजून थोडं खोदनं बाकी हाये, अन् सरूच्या बाबाच्या परतीच्या भोंग्याले टाइम कमी हाये. सांगा वं बायांनो, तुमी काय केलं असतं?