कोथिंबिरीला पाणी, मालनबाईला नाही

पंचवटीच्या भाजीबाजारात मालनबाईची कोथिंबीर भर दुपारीही टवटवीत असायची. दर पंधरा मिनिटांनी ती जुड्यांवर पाणी शिंपडायची. स्वतः मात्र सकाळच्या चहानंतर घरी जाईपर्यंत घोटभर पाणी पीत नसे. पाणी प्यायलं की उठावं लागतं आणि उठलं की जागा जाते, हे तिचं बावीस वर्षांचं शास्त्र. शेजारचा टोमॅटोवाला गोटीराम टपूनच बसलाय, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. त्याचे क्रेट सरकू नयेत म्हणून दोघांच्या मध्ये तिने खडूची रेघ मारली होती, ती रोज गिरवायची.

मग एक दिवस कमरेतून अशी कळ उठली की बाई जुड्यांवरच आडवी झाली. सोनोग्राफीत मुतखडा निघाला.

"टोमॅटोच्या बियांचा हाय," तिने निकाल दिला. "बावीस वर्सं शेजारी बसते, होनारच!"

डॉक्टर मंजुषांना हसू आवरेना. "मावशी, बियांना कशाला बोल लावता? पाणी कमी पडलं की लघवी घट्ट होते. त्यातल्या क्षारांचे कण एकमेकांना चिकटतात आणि खडा धरतो. मिठाचं पाणी आटल्यावर तळाशी काय उरतं? भरपूर पाणी प्या. आणि लघवी अडवून धरू नका."

"मंग जागा तुमी सांभाळता का?"



पण ती कळ पुन्हा सोसायची हिंमत मालनबाईत नव्हती. दुसऱ्या आठवड्यात ती दोन बाटल्या घेऊन बसली. अकरापर्यंत एक संपली आणि उठावंच लागलं. शौचालय बाजाराच्या पार टोकाला, तिथे रांग. परतताना जीव टांगणीला लागलेला, तोंडात शिव्या तयार.

गोटीराम खरंच तिच्या जागेवर बसला होता. तिच्या कोथिंबिरीवर पाणी शिंपडत.

"पाच जुड्या खपल्या," तो घाईने उठत म्हणाला. "आता माझं बघ, बाई. सकाळपासनं दाबून बसलोय. तू जागा बळकावशील म्हनून मीबी कधी उठलो नाय."

आणि धोतर सावरत तो पळाला. त्याच्या क्रेटच्या आडोशाला विटेच्या तुकड्याने मारलेली एक रेघ होती, रोज गिरवलेली. मालनबाईला शरम वाटली, आणि बावीस वर्षं फुकट तहानेलं राहिल्याचा रागही आला.

तिने दुसरी बाटली त्याच्या क्रेटवर ठेवली. आल्यावर तो पितो की नाही, ते ती बघणार होती.