रेड्याची टाकी

टाकी गळायला लागली तेव्हा वास आधी सुनेला आला. दारातून बाहेर पडता पडता ती थबकली आणि अंगणात उभ्या असलेल्या ट्रकखाली वाकली. मातीवर काळा डाग पसरला होता. "बाबा, रेड्याची टाकी गेली," ती म्हणाली. मिस्त्रीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं, पण हातातला चहा त्याने तसाच खाली ठेवला.

रेडा म्हणजे तो जुना, चारही चाकांनी ओढणारा ट्रक. चिखल असो, ओढा असो, मान खाली घालून जाणार; आणि मनात नसलं की दहाजणांनी ढकललं तरी हलणार नाही. म्हणून मिस्त्रीच्या मुलाने त्याला हे नाव ठेवलेलं. मुलगा डोंगरावरच्या दगडखाणीत माल पोचवायचा. गेल्या वर्षी एके दिवशी तो पंपावर डिझेल भरून घरी आला, छातीत कसंतरी होतंय म्हणाला, आडवा झाला तो उठलाच नाही. ट्रक लावला होता तिथेच राहिला. किल्ली मिस्त्रीने खिळ्याला अडकवली आणि ती कुणी काढायची नाही, हे घरात न बोलताच ठरून गेलं.

मिस्त्रीचा सगळा जन्म गाड्यांखाली गेलेला, आणि स्वभाव असा की नाकावर माशी बसू द्यायचा नाही. कुणी बरेच दिवस उभी राहिलेली गाडी घेऊन आला की आधी त्याची खरडपट्टी निघायची. "अर्धी टाकी ठेवून गाडी उभी करू नये. आत पाणी धरतं, पत्रा सडतो. एवढं कळत नसेल तर सायकल चालवा!" आणि याच माणसाने आपल्या दारातला ट्रक वर्षभर अर्ध्या टाकीवर उभा ठेवला होता. विचारायची कुणाची छाती झाली नाही. खरं तर विचारण्यासारखं काही नव्हतंच. त्या टाकीत मुलाने भरलेलं डिझेल होतं, एवढंच.

"मी खाणीच्या मुकादमांशी बोलून आलेय," सून म्हणाली. "सोमवारी दुपारच्या आत माल वर पोचला तर काम आपलं. नाहीतर ते दुसरी गाडी सांगणार आहेत."

"आणि गाडी कोण चालवणार?"

"मी. शिकवलंय ना मला ह्यांनी."

"मैदानात चालवणं वेगळं. त्या चढावर भल्याभल्यांची भंबेरी उडते."

"मग टाकी नीट बसवून द्या, म्हणजे माझी उडणार नाही."

वर्षभरात ती इतकी ठासून पहिल्यांदाच बोलली होती. मिस्त्रीने खिळ्यावरची किल्ली काढली आणि तिच्या हातात दिली.

भंगारवाल्याकडून दुसऱ्या ट्रकची टाकी आली. आतून गंजलेली होती, पण पत्रा जाड होता. मिस्त्रीने तिच्यात मूठभर जुने नट आणि साखळीचा तुकडा टाकला, थोडं रॉकेल ओतलं, आणि दोघांनी दोन टोकं धरून ती घुसळली. काय तो खडखडाट! शेजारणी दारात येऊन उभ्या राहिल्या. लालभडक पाणी निघालं, मग तांबूस, मग स्वच्छ. टाकी जुनीपेक्षा चार बोटं रुंद, त्यामुळे बैठकीची भोकं जुळेनात. त्याने लोखंडी पट्टी जोडून बैठक वाढवली. टाकी आवळणाऱ्या पट्ट्यांखाली घालायला सुनेने जुनं फडकं आणून दिलं, तसा तो खेकसला, "कापड ओल धरतं! रबर आण." जॅकवर फळी, फळीवर टाकी ठेवून तो तसूतसूने वर चढवत गेला आणि सून अंगणात उताणी पडून बोल्ट भोकात बसवत गेली. शेवटचा बोल्ट आवळताना तिचं तोंड काळं झालं होतं. दोघं हसली. त्या घरात कुणी हसल्याला किती दिवस झाले होते!

जुनी टाकी उतरवण्याआधी त्यातलं डिझेल मिस्त्रीने कॅनमध्ये काढून ठेवलं होतं. ते त्याने दोनदा मलमलीच्या फडक्यातून गाळलं, निवळू दिलं, आणि वरवरचं अलगद नव्या टाकीत ओतलं. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर मिस्त्रीने त्याला उभा-आडवा फाडला असता. वर्षभर कुजलेलं डिझेल फडक्याने निवळत नाही, हे त्याला काय सांगायला हवं होतं? पण पोराच्या हातचं होतं ते. मातीत कसं ओतायचं? सून ओट्यावर बसून हात धूत होती. तिने पाहिलं आणि नळाकडे तोंड फिरवलं. मग त्यावर नवं डिझेल भरलं गेलं.

सोमवारी माल भरून रेडा निघाला तो झोकात. सून गाडी ताब्यात ठेवून चालवत होती. शेजारी बसलेला मिस्त्री दोन वळणं तिला टोकत राहिला आणि तिसऱ्या वळणावर त्याने टोकणं सोडून दिलं. मग अर्ध्या चढावर इंजिनाने उचकी दिली, पुन्हा दिली, आणि रेडा बसला. मिस्त्रीने चाकाला दगड लावले, फिल्टर उघडला. आत तांबडं पाणी आणि शेवाळासारखी बुळबुळीत घाण. तो तिथेच मटकन बसला.

"माझंच पाप," तो म्हणाला. "तुझं काम घालवलं मी."

"मला वास आला होता बाबा. तुम्ही गाळत होतात तेव्हाच." सून त्याच्याशेजारी टेकली. "मलाही ते टाकवलं नसतं."

सूर्य डोक्यावर यायला आला होता. जादा फिल्टर होता, परतीसाठीच्या डिझेलचा भरलेला कॅनही होता. टाकी मात्र पार रिकामी करायला हवी होती, आणि ते सगळं धरून ठेवायला भांडं नव्हतं. सुनेने डब्याची पिशवी सोडली, तिच्यातली पाण्याची बाटली रिकामी केली आणि पुढे केली. "एवढं तरी ठेवू या?"

मिस्त्रीने बाटलीकडे पाहिलं. मग नको म्हणून मान हलवली आणि ट्रकखाली सरकला. त्याने टाकीच्या तळाचं बूच ढिलं केलं. डिझेल भसकन त्याच्या मनगटावरून खाली आलं आणि दगडांतून वाट काढत चाकाशी लावलेल्या दगडापर्यंत गेलं. धार बारीक होऊन थेंब थेंब पडेपर्यंत तो तसाच पडून होता. मुलाला नेताना लोकांनी त्याला आवरून धरलं होतं. इथे आवरायला कुणी नव्हतं. सून टायरला टेकून बसली आणि त्याला रडू दिलं.

माल वेळेत पोचला. जेमतेमच. मुकादमाने घड्याळ पाहिलं, काळीठिक्कर झालेली सून पाहिली आणि म्हणाला, "उद्यापण या."

उतरताना सुनेने गाडी पंपावर घेतली. मुलगा शेवटचा थांबला होता तोच पंप.

"किती टाकू?" पंपवाल्याने विचारलं.

सुनेने मिस्त्रीकडे पाहिलं.

"पूर्ण भर," मिस्त्री म्हणाला. "अर्धी ठेवली की आतून सडते."