बाबा म्हणाले, हा वॉल्ट्झ सिनेमातला आहे

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. समीरपाशी, म्हणजे माझ्या नवऱ्यापाशी, तर नाहीच – आणि ऐकायचा पहिला हक्क त्याचा होता. तुमच्याशी बोलतेय ते तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. भित्रेपणाच आहे हा, दुसरं काय?

गोष्ट ऐकायला फालतू वाटेल. एका रशियन वॉल्ट्झची, जोडीनं नाचायच्या धूनची आहे. तुम्हीही ऐकला असेल, नाव माहीत नसलं तरी – सॅक्सोफोनवर सुरू होतो, गोल गोल फिरवतो, जरा उदास करतो. जाहिरातींत वाजतो, लग्नांत वाजतो. एवढ्याशा ट्यूनवरून कुणाचं काय बिघडणार, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणत आले.

सासूबाई गेल्या आणि बाबा – माझे सासरे – आमच्याकडे अमेरिकेत, बॉथेलला आले. २००५ साल. समीर एकुलता एक, नुकताच सिटिझन झालेला. बाबांचं ग्रीन कार्ड करायचं, त्यांना इथेच ठेवून घ्यायचं, असं त्याच्या मनात होतं. आणि माझ्या? सांगूनच टाकते – ते परत जावेत असं माझ्या मनात होतं. वाईट नव्हते हो! भांडी लावून ठेवायचे, आमच्या लेकीला, इराला, शाळेच्या बसपर्यंत सोडायचे, माझ्या बेचव आमटीला कधी नाव ठेवलं नाही. पण सदान्‌कदा घरात असायचे. मी ऑफिसमधून येऊन गाडी गॅरेजमध्ये लावायची आणि आत न जाता तशीच बसून राहायची. स्वतःच्याच घराबाहेर. का, ते तेव्हा कुणी विचारलं असतं तर ट्रॅफिकनं डोकं दुखतंय म्हणाले असते.

त्यात बाबांनी एकदा गॅस चालू ठेवला. एकदा फिरायला गेले आणि भलत्याच गल्लीत शिरले, शेजाऱ्यांनी आणून सोडलं. समीर रात्री उठून गॅस बंद आहे का बघायला लागला. विसरायला लागलेत की काय? तसं असेल तर आम्ही दोघं दिवसभर ऑफिसला, त्यांच्याकडे बघणार कोण? मग पुण्यातला एखादा चांगला वृद्धाश्रमच बरा नाही का? त्याचं काही ठरत नव्हतं. मी वाट बघत होते.

तर तो वॉल्ट्झ. इराच्या पियानो टीचरनं तिला सोपा करून दिला होता. एका शनिवारी चार मित्रमंडळी जेवायला आली होती, त्यांच्यासमोर तिनं वाजवला. झकास वाजवला. आणि मी – इथल्या मराठी मंडळात वेस्टर्न म्युझिकवर बोलणारी, चार सीड्या ऐकून विद्वान झालेली – लगेच माहिती द्यायला सरसावले. हा दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचा बरं का, जाझ बँडसाठी लिहिलेला.

"छे छे, सिनेमातला आहे हा," बाबा म्हणाले. "मी पाहिलाय."

तरुणपणी ते पोलाद कारखान्याच्या ट्रेनिंगसाठी सोव्हिएत रशियात होते. तिथल्या क्लबात, म्हणे, पाहिलेला. ओसाड माळरान नांगरायला निघालेली तरुण पोरं, तंबू, ट्रॅक्टर. आणि मग बाबा चक्क उठले, एक हात हवेत धरून सोफ्यासमोर दोन गिरक्या घेतल्या. सत्तरी ओलांडलेला माणूस, पायात लोकरी मोजे. सगळे हसले. मला तेव्हा कौतुक वाटायला हवं होतं. मला राग आला. मी सीडीचं कव्हर काढून त्यांच्या पुढ्यात धरलं – बघा बाबा, इथे जाझ लिहिलंय, तुमची काहीतरी गफलत होतेय. ते हट्टाला पेटले. क्लब, तंबू, ट्रॅक्टर, सगळं परत पहिल्यापासून सांगायला लागले. पाहुणे ताटात बघायला लागले. आणि समीर माझ्याकडे बघत होता. ती नजर मला कळली.

सोमवारी ऑफिसात जेवता जेवता मी इंटरनेटवर शोधलं. खरं सांगते, त्यांना खोटं पाडायलाच शोधलं. आणि काय सापडलं? कव्हरच चुकीचं होतं. जाझचं ते नाव दुसऱ्याच रचनेचं, तिची पानं युद्धात हरवलेली, आणि नाव चुकून या रचनेला चिकटलेलं. वॉल्ट्झ मुळात एका सोव्हिएत सिनेमातला. सिनेमा कशावर? ओसाड जमीन नांगरायला गेलेल्या तरुणांवर.

बाबांना सगळं अचूक आठवत होतं.

मी ते पान बंद केलं. डबा धुतला. मीटिंगला गेले.

हे एवढंच असतं तर कदाचित गप्प राहण्याचा गुन्हा म्हणता आला असता. पण संध्याकाळी बाबा स्वयंपाकघरात आले. ओट्यापाशी उभे राहिले. चेहरा इतका ओशाळा, की आत्ता आठवलं तरी माझी मान खाली जाते. म्हणाले, "सुनंदा, जरा कॉम्प्युटरवर बघशील का गं? मला तर लख्ख आठवतंय. पण हल्ली माझाच माझ्यावर भरवसा राहिला नाही."

आणि मी म्हणाले, "बघितलं, बाबा. तसं काही नाहीये."

कांदा चिरत होते. मान वर केली नाही. ते "बरं" म्हणाले. बाहेर जाता जाता म्हणाले, "मग मीच चुकलो असेन." एवढं सोपं असतं ते. माणसाची तरुणपणीची एक संध्याकाळ काढून घ्यायला एक वाक्य पुरतं.

त्यानंतर ते कशाबद्दलच ठाम बोलेनासे झाले. गोळी घेतली का विचारलं तरी आधी माझ्याकडे बघायचे. समीरनं डॉक्टरांना सांगितलेल्या गोष्टींत गॅस होता, चुकलेली गल्ली होती, आणि वॉल्ट्झ होता – न घडलेलं आठवायला लागलेत, म्हणाला. मी शेजारच्या खुर्चीत बसले होते. ते थोडंफार विसरत होते का? होते. पण हे विसरले नव्हते, आणि ते त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. थंडी पडायच्या आत ते पुण्याला गेले. मी गॅरेजमध्ये बसून राहणं बंद केलं.

वृद्धाश्रमात ते दोन-एक वर्षं होते. रविवारी फोन व्हायचा. एकदा इरानं फोन पियानोवर ठेवून तोच वॉल्ट्झ वाजवला, आता पूर्ण, अवघडवाला. बाबांनी शेवटपर्यंत ऐकला. मग म्हणाले, "वा! जाझ आहे हा. तुझ्या आईला विचार, तिला माहितेय सगळं."

गेल्या वर्षी ते गेले. समीर अजून ती शनिवारची गोष्ट सांगतो, मायेनंच सांगतो – बाबांचं विसरणं तेव्हाच आमच्या पक्कं लक्षात आलं, म्हणून. परवा पाहुण्यांना सांगत होता. गिरक्यांपर्यंत आला आणि डोळे पुसायला लागला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "हो ना, किती ठामपणे सांगत होते."