मागच्या गाडीतले अध्यक्ष

दुपारी वहिनीचा फोन आला. "हे गेले गं…" एवढंच ती म्हणाली आणि मी विचारलं, "कुठे?" असं कोणी विचारतं का? पण आमच्या घरात खरा प्रश्न तोच होता. "घरीच. जेवून पडले होते, उठलेच नाहीत." सख्ख्या थोरल्या भावाच्या मरणाची बातमी ऐकून मला आधी हायसं वाटलं, रडू नंतर आलं. आता महिना होत आला, तरी त्याची लाज वाटत नाही.

दादा औषध कंपनीतला मोठा साहेब. चाळिशीत मधुमेह निघाला म्हणून पळायला लागला आणि ते वेड असं चढलं की पुढे हैदराबादेतल्या धावपटूंच्या एका संघटनेचा अध्यक्ष होऊन त्याने दरवर्षीची शर्यत उभी केली. पोलिसांच्या परवानग्या, प्रायोजक, पाण्याची टेबलं, सगळं कंपनीच्या शिस्तीत. लग्नकार्यातसुद्धा पाहुण्यांना तो गाठायचा आणि पहाटे पळायला बोलवायचा. नल्लकुंट्यातले आमचे नातेवाईक त्याला लांबून बघूनच गल्ली बदलत.

शर्यतीत स्वतः मात्र तो सगळ्यांत मागे असायचा. शेवटच्या माणसाला सोबत हवी, असं त्याचं म्हणणं. ठरलेल्या वेळी रस्ता वाहनांना मोकळा करावा लागतो, म्हणून मागे राहिलेल्यांना उचलायला एक गाडी येते. एका वर्षी तिच्या नव्या ड्रायव्हरने अध्यक्षांनाच उचललं. "बैठ जाओ चाचा, अब नक्को भागो," म्हणाला, आणि दादा मुकाट्याने बसला. आत बघतो तर सगळे माना खाली घालून बसलेले, एक बाई तर रडत होती… त्याने गाडी शेवटच्या कमानीच्या अलीकडे थांबवली आणि सगळ्यांना चालवत कमानीतून नेलं. पुढे तो रिवाजच झाला. पदक नाही, पण टाळ्या सगळ्यांना. थांबण्यात कसली लाज, असं तो माइकवरून सांगायचा.

स्वतः मात्र थांबेना. हृदयाचं दुखणं निघालं, डॉक्टरांनी पळणं बंद करायला सांगितलं, तरी पहाटे बूट घालून हा तयार. हा कुठेतरी रस्त्यात कोसळणार आणि कोणी परकाच आपल्याला कळवणार, ही वहिनीची धास्ती. ती भांडली, तिने अबोला धरला… शेवटी एकदा जेवताना शांतपणे म्हणाली, "लोकांना गाडीत बसवता. तुम्ही कधी बसणार?"

दुसऱ्या पहाटेही दादाने बूट घातलेच. पण गेल्या शर्यतीत पुलाच्या चढावर छाती भरून आली, तेव्हा त्याने आपण होऊन हात केला आणि गाडीत बसला. इतरांबरोबर चालत कमानीतून आला आणि वहिनीला फोन लावला, "बसलो गं." त्यानंतर तो पळाला नाही. रविवारी पहाटे सरावाला तेवढा जायचा, खुर्ची टाकून इतरांच्या चुका काढायला.

परवा रविवारी आठ वाजता मी त्यांच्याकडे गेले. बराच वेळ बेल वाजवली, कोणी उघडेना. अखेर वहिनीने दार उघडलं. केस विस्कटलेले, डोळे जड. दादा रविवारी बाहेर पडला की तो परत येईपर्यंत ती फोन पुढ्यात ठेवून स्वयंपाकघरात बसून राहायची. त्याने पळणं सोडलं तरी तिचा भरवसा बसला नव्हता. तेराव्यापर्यंत सगळं तिने कोरड्या डोळ्यांनी निभावलं होतं.

"अगं, मला झोप लागली," ती म्हणाली. "रविवार असून झोप लागली." आणि दारातच ती रडायला लागली.