डावीकडची काच

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आत्याला नाही, आणि ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्या बाबांना तर नाहीच. मग तुम्हालाच का? तुम्ही मला चेहऱ्यानं ओळखत नाही, म्हणून असेल. लपायची सवय अशी सहजासहजी जात नाही.

गोष्ट एका जुन्या गाडीत शिरणाऱ्या पाण्याची आहे. हसू नका—खरंच तेवढीच आहे.

बाबा पाटबंधारे खात्यात होते. उभी हयात कालवे कुठे गळतात ते शोधण्यात गेली. निवृत्तीनंतर त्यांची ती पांढरी व्हॅनच काय ती उरली. तात्यापाऱ्यात, हिंदी मुलखातल्या आमच्या मराठी वस्तीत, घरासमोर ती उघड्यावरच उभी असायची. दर रविवारी बाबा ती काढायचे, शहराच्या दुसऱ्या टोकाला भनपुरीला जाऊन माझ्या विधवा आत्याला घेऊन यायचे, दिवसभर दोघं बहीणभाऊ कडाकडा भांडायचे आणि संध्याकाळी तिला परत सोडून यायचे. एसी केव्हाच मेला होता. म्हणून डावीकडची काच खाली—हवा आरपार जावी म्हणून.

एका पावसाळ्यात त्याच बाजूला पायाशी पाणी साचायला लागलं. मॅट ओली, आत कुबट वास. मी म्हणालो, बाबा, तुम्ही काच उघडी ठेवता. ते म्हणाले, नाही. आणि मग एकदा काच खरंच चार बोटं उघडी सापडली. एकदाच! पण मला तेवढं पुरलं. त्यानंतर काच बंद दिसली तरी मी म्हणायचो, पाऊस आल्यावर धावत जाऊन लावली असेल आणि तेही विसरला असाल. वय झालं की होतं असं. किती समजूतदार आवाजात म्हणायचो मी! घरातल्या सगळ्यांनाच ते पटत गेलं. गाडी काढू नका, असं बायकोही हळूच सुचवू लागली.

बाबा मात्र गप्प बसणारे नव्हते. एका सकाळी त्यांनी मॅट बाहेर काढली, खालचा पत्रा कोरडा पुसला, त्यावर जुनी वर्तमानपत्रं अंथरली आणि मला हाक मारली.

"टॉर्च घेऊन आत बस तू. मी बाहेरून पाणी मारतो. खालून वर जायचं—एकदम वरून मारलं तर कुठून येऊन राहिलं ते समजत नाही. आज पाहूनच घेऊ, गाडी म्हातारी झाली का मी."

हे ते हसत म्हणाले. पण पाइप धरलेला हात घट्ट होता, ते मी पाहिलं होतं.

मी आत डॅशबोर्डखाली मान घालून बसलो. दाराच्या खालच्या कडेवर पाणी—आत कोरडं. दाराच्या रबरावर, काचेवर—कोरडंच. मग पाइप पुढच्या काचेखालच्या पत्र्यावर आला. आणि मला थेंब दिसला. एका काळ्या वायरीवरून सावकाश घरंगळत आला, टोकाशी लोंबला आणि कागदावर पडला.

ती वायर... बघा, मी मघापासून तिला वळसे घालतोय. वायर माझी होती. त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात गाडीत मी रेडिओ बसवला होता. बाबांनी बजावलं होतं, गाडीला भोक पाडू नको. ते भनपुरीला गेले होते—त्या दिवशी आत्याच्या दिरानं नेलं होतं त्यांना—आणि मी घरच्या ड्रिलनं वायरीसाठी त्याच पत्र्यात भोक पाडून मोकळा. अशा भोकात वायरीभोवती रबर बसवायचं असतं. मी नाही बसवलं. आत कोण बघतंय?

"आलं का?" बाहेरून बाबांनी विचारलं.

"नाही, बाबा."

का म्हणालो असं? काय झालं असतं खरं बोललो असतो तर? चार शब्द ऐकवले असते, नालायक म्हणाले असते, आणि पाचव्या मिनिटाला खूश होऊन आत्याला फोन लावला असता—सापडलं, मी विसरत नव्हतो! मिशीत पांढरे केस आलेला माणूस मी. बापाच्या ओरड्याला भ्यायचं वय होतं का ते?

आणि एवढ्यावरही थांबलं नाही. त्यांना शंका होती. त्यांनी पाइप पुन्हा नेमका तिथेच धरला. "नीट पाह्य रे पोट्ट्या. आलं का?" या वेळी थेंब माझ्या मनगटावर पडला. गार.

"काहीच नाही," मी म्हणालो.

पहिलं उत्तर तोंडातून निसटलं, असं म्हणता येईल. दुसरं?

त्यांनी नळ बंद केला. पाइप नीट गुंडाळून ठेवला. ओल्या चपलांनी माझ्याजवळ आले, माझ्याकडे न बघता म्हणाले, "मंग मीच भुलून राहिलो असन," आणि गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली. मी ती घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते झोपलेले असताना मी भोकात रबर बसवलं, वरून काळं सीलंट भरलं. त्यानंतर गाडीत टिपूस आलं नाही. घरात सगळे म्हणू लागले—बघा, बाबांनी गाडी सोडली आणि पाणी बंद झालं! मीही मान हलवली.

मग बाबा हळूहळू स्वतःलाच तपासायला लागले. गॅस बंद केला का, म्हणून स्वयंपाकघरात जायचे, परत यायचे, पुन्हा जायचे. गोळी घेतली का, हे सुनेला विचारायचे. घेतलेली असायची. पण स्वतःच्या शब्दावरचा भरवसाच उडाला होता. रविवार बंद पडले. आत्या काही दिवस ऑटोनं आली, मग तिचे गुडघे नाही म्हणाले. तिला आणायला मी जाऊ शकलो असतो. दोनतीनदा गेलोही. दोनतीनदाच.

गेल्या हिवाळ्यात गाडी विकली. घेणारा भला माणूस होता, दार उघडून, मॅट उचलून बघत होता. "दादा, बरसात में पानी-वानी तो नहीं आता अंदर?" त्यानं मला विचारलं. मी तोंड उघडायच्या आत ओट्यावर बसलेले बाबा उठले, काठी टेकत जवळ आले.

"नहीं भैया, गाडी एकदम अच्छी है," ते म्हणाले. "बीच में पानी आता था, पर वो मेरी गलती थी. मैं ही काँच खुला भूल जाता था."

परक्या माणसासमोर, रस्त्यावर उभं राहून. गाडीवर खोटा डाग राहू नये म्हणून. घेणाऱ्यानं खात्री करायला माझ्याकडे पाहिलं.

"हव," मी होकार दिला.

बाबा आत्ता पलीकडच्या खोलीत आहेत. मघाशी सर येऊन गेली, तेव्हा उठून खिडक्या बघून आले. सगळ्या बंद होत्या. आता पुन्हा उठल्याचा आवाज येतोय. मी इथे बसून आहे.