दोन माघांमधला मुळा

दवाखान्यातून घरी आल्यापासून आईचं जेवण तुटलं होतं. भात चिवडायची आणि ताट सरकवायची. मला भीती वाटत होती, पण घरात ती सांगायची कुणाला? एकदा तीच म्हणाली की मुळ्याची कोशिंबीर खाईन, पण बाजारातला मुळा नको, तो नाल्याच्या पाण्यावर वाढतो. देवासच्या आमच्या घरामागे चार हात जागा होती. मी शाळेत गणित शिकवतो, मातीशी माझा संबंध बूट पुसण्यापुरता. तरी मार्गशीर्षात बी टाकलं, मूठभर, दाट.

पाला झकास आला. उपटून पाहिलं तर खाली नुसती सुतळी. पाणी कमी पडलं की जास्त झालं, काही कळेना. शेजारच्या माळवी काकी रोज दुपारी आईजवळ येऊन बसतात, त्या हसायला लागल्या. अर्धी रोपं उपटून टाकली तरच उरलेली पोसतात, हे मला चाळिशीत समजलं.

पौष पौर्णिमेपर्यंत मुळे मनगटाएवढे झाले. दुसऱ्याच दिवशी काकी म्हणाल्या, माघ लागला, आता महिनाभर मुळा बंद. माघात मुळा आमच्याकडेही चालत नाही, पण आमचा महिना अमावास्येनंतर बदलतो, त्यांचा पौर्णिमेनंतर. म्हणजे आम्हाला पंधरा दिवस होते. मी खुशीत कोशिंबीर केली. आईने वाटी बाजूला ठेवली. मी चिडलो, भिंतीवरचं कॅलेंडर काढून तिच्यापुढे धरलं.

"पौषच आहे, दिसतंय मला," आई म्हणाली. "पण ती समोर बसलेली असताना मी कशी खाऊ?"

मग सकाळीच खा, मी म्हटलं.

"चोरून?"

अमावास्या झाली, आमचा माघ लागला. पुढच्या पौर्णिमेला काकींचा सुटला. मी त्यांना दोन मुळे नेऊन दिले. त्यांनी ते परत माझ्याच हातात ठेवले. "तेरी माँ का माघ उतर जाने दे, बेटा."

आता रागवायचं कुणावर, तेच कळेना. दोघी एकमेकींचे महिने पाळत होत्या, वाफ्यात मुळ्यांना फुलं येत होती आणि आई दोन घासांवर दिवस काढत होती. त्या दिवसांत फळ्यावर साधी बेरीजही माझ्याकडून चुकली.

आमचा फाल्गुन लागला तेव्हा काकींचा निम्मा सरला होता. उरलेले चार मुळे उपटले. आतून पोकळ, किसताना दोरे निघत होते. दही जास्त घातलं आणि लाजतच दोघींना वाढलं. त्या शेजारी शेजारी बसून बराच वेळ चावत राहिल्या. चांगली झाली असं कुणी म्हणालं नाही. मग काकींनी भात मागितला.

"मलाही वाढ," आई म्हणाली, आणि ताट पुढे केलं.